पाठीवरचं आडनाव

श्रीकांतकाकांनी माझ्या हातातलं आरतीचं ताट काढून घेतलं. हिसकावलं नाही. आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या हातानं ताट अलगद उचललं आणि हसत म्हणाले, "अरे, तू गेस्ट आहेस आमचा. यू जस्ट रिलॅक्स. आरती काय, कोणीही करेल."

दोन मिनिटांपूर्वी ते ताट त्यांनीच मला दिलं होतं. ते इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माइकवरून सांगितलं होतं, यंदाची आरती आपला प्रोफेशनल हॉकी प्लेअर करणार. टाळ्या झाल्या होत्या. २००३चा सप्टेंबर, गणपतीतल्या रविवारची दुपार, अमेरिकेत बोस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या एका शाळेचं कॅफेटेरिया. शाळेत काहीही पेटवायला मनाई, म्हणून ताटात बॅटरीवर चालणारा दिवा होता. तो प्लॅस्टिकचा दिवासुद्धा माझ्या हातात चालला नाही.

दीडशे माणसं होती. बऱ्याच जणांना काही कळलंही नसेल. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ताट श्रीकांतकाकांच्या भाच्याकडे गेलं. तो पुण्याहून शिकायला येऊन जेमतेम महिना झाला होता. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. सहा फूट उंच, चोवीस वर्षांचा, समोरचे दोन दात खेळात गमावलेला मी, गुमान टाळ्या वाजवत उभा राहिलो.

दाराशी बुटांच्या ढिगाजवळ बाबा उभे होते. हात जोडलेले, तोंडावर हसू. घर लुटून निघालेल्या चोरालाच घरधन्यानं पाणी विचारावं, तसं ते हसू होतं. मला त्या ताटाचं काही वाटलं नाही. त्या हसण्याचं वाटलं. अजून वाटतं.

झालं होतं असं. आरतीआधी जेवणाच्या रांगेत आईच्या पुढे एक बाई होत्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. आईचं बोलणं ऐकून त्या वळल्या.

"तुम्ही नागपूरच्या का हो?"

आई खुलली. वीस वर्षं ती मंडळात तोंड मिटून बसायची. 'करून राहिली' म्हटलं की पुण्याच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आता कोणीतरी तिच्या गावचं भेटलं होतं.

"हो नं! इंदोऱ्याची मी."

"अस्सं. माहेरचं आडनाव काय तुमचं?"

"गजभिये."

बाईंनी पुन्हा एकदा "अस्सं" म्हटलं, पुऱ्या वाढून घेतल्या आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसल्या. बाकीचं काम दहा मिनिटांत झालं.

अमेरिकेला निघण्याआधी बाबांनी आडनाव बदललं होतं. आमच्या मूळ गावाच्या नावापुढे 'कर' लावलं. डिग्रीवर बदललं, पासपोर्टवर बदललं. माणूस इंजिनिअर, काम एकदम पक्कं. गाव विचारलं तर काय सांगायचं, कुलदैवत विचारलं तर काय सांगायचं, सगळं पाठ होतं. बुद्धाची मूर्ती आतल्या खोलीत, आणि पाहुणे आले की त्या खोलीचं दार बंद. फक्त एक गोष्ट त्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही. बाईला माहेर असतं, आणि आपल्यातल्या बायका पहिल्या भेटीत तेच विचारतात.

गाडीत बसल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "तुला काय गरज होती सांगायची?"

श्रीकांतकाकांना नाही. त्या बाईंना नाही. आईला.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी मागच्या सीटवर होतो. 

आता हॉकीचं, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं सांगतो, कारण मला जे काही कळलं ते तिथे कळलं.

वूस्टरला बाबा पीएच.डी. करत होते तेव्हा आम्ही एका तळ्याजवळ राहायचो. थंडीत तळं गोठायचं. शेजारच्यांनी मुलाचे जुने स्केट्स दिले, दोन मोजे जास्त घालून ते माझ्या पायात बसले. मंडळातल्या बाकीच्या मुलांना टेनिस आणि पियानो. आईबाबांना सगळे विचारायचे, हा मारामारीचा खेळ कशाला? बाबा हसून म्हणायचे, "त्याला आवडतो." बर्फाची रिंक पहाटे पाच वाजता स्वस्तात मिळायची. बाबा मला घेऊन यायचे आणि लाकडी बाकावर हातमोजे घालून प्रबंधाची पानं तपासत बसायचे. सात वर्षं. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

मी सेंटर झालो. खेळ सुरू होतो सेंटरपासून. वर्तुळाच्या मधल्या ठिपक्यावर दोन सेंटर समोरासमोर वाकतात, पंच दोघांच्या मध्ये पक, म्हणजे रबराची चपटी चकती, टाकतो, आणि ज्याची स्टिक आधी पोचली त्याच्या टीमचा पक. एखादा आधीच हलला तर पंच त्याला वर्तुळाबाहेर काढतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

२००१मध्ये कॉलेज संपवून मी एका खालच्या लीगमध्ये पगारी खेळाडू झालो. दहा-दहा तासांचे बसप्रवास, रिकाम्या खुर्च्या, मोडलेलं बोट टेपनं बांधून खेळायचं. न्यूयॉर्कचे टॉवर नुकतेच पडले होते; ते वर्ष माझ्या रंगाच्या माणसासाठी वाईट होतं. वाकलो की समोरचा पुटपुटायचा, "जा, टॅक्सी चालव." एका गावात वरच्या रांगेतून कोणीतरी माझ्यावर टॉवेल फेकला, डोक्याला बांध म्हणून. मी ऐकून घ्यायचो आणि पक काढायचो. बर्फ म्हणजे काही देवघर नव्हतं.

पण एक फरक होता. पंचांनी मला कितीदा तरी वर्तुळाबाहेर काढलं, आणि दर वेळी कारण सांगितलं. तुझी स्टिक आधी हलली. तुझा पाय रेषेवर आला. पुढच्या वेळी मी पाय मागे ठेवायचो. श्रूजबरीहून परत आल्यावर मी महिनाभर विचार करत होतो, तिथे कुठला पाय मागे ठेवू? आईच्या पोटी जन्मलो तो पाय?

त्या हिवाळ्यात आईनं बोलणं बदललं. फोनवर ती हळूहळू, शब्द निवडून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. "काय करून राहिला?" गेलं. "काय करतो आहेस?" आलं. मला लिहायला-वाचायला शिकवलं ते तिनं, मराठी टिकवली ती तिनं, आणि आता तीच ती भाषा भाड्यानं आणल्यासारखी वापरत होती. एकदा मी म्हणालो, "आई, असं नको बोलू." ती म्हणाली, "बाबांना बरं वाटतं." फोन ठेवून मी ड्रेसिंग रूममध्ये बसून रडलो. कोणी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

मंडळातून आईला एकही फोन आला नाही. बाबा मात्र जात राहिले. खुर्च्या लावायचे, शेवटी आवरायचे. त्यांना कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. एवढ्यावरच त्यांचं चाललं होतं.

२००६च्या मार्चमध्ये वरच्या लीगमधल्या एका टीमचे दोन सेंटर जखमी झाले आणि मला बोलावणं आलं. तीन सामने खेळलो. एक पास दिला, त्यावर गोल झाला. बोस्टनच्या टीव्हीवर अर्धा मिनिट मी दिसलो. चौथ्या दिवशी परत खालच्या लीगमध्ये. पण त्या अर्ध्या मिनिटात श्रीकांतकाकांना मी दिसलो. त्यांचा फोन आला.

"अभिनंदन! अरे, काय प्राऊड फील झालं सांगू! आपला मराठी माणूस! पाडव्याला तुझा सत्कार ठेवतोय. शाल, श्रीफळ, सगळं. कॅन्सल वगैरे काही चालणार नाही हं."

मी म्हणालो, "काका, सत्कार आईचा करा. आणि माइकवर तिचं माहेरचं आडनाव घ्या."

ते आधी हसले. मग म्हणाले, "अरे, ते ऑकवर्ड होईल यार. आम्ही कुठे जातपात मानतो? त्या दिवशीचं तू मनाला लावून घेतलंस. झालं गेलं विसरून जावं माणसानं. कशाला जुनं उकरायचं?"

"मग राहू द्या," म्हणालो आणि फोन ठेवला.

मग स्टिकवरची चांगली टेप सोलून नवी गुंडाळत बसलो. 

बाबांचा तासाभरात फोन. श्रीकांतकाकांनी त्यांना सांगितलं होतं. "त्यांनी आपण होऊन हात पुढे केला होता. तू तो झिडकारलास," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला चाललं असतं. त्यांचा आवाज कापत होता. तीन वर्षं खुर्च्या लावून त्यांनी जे मिळवलं होतं, ते मी एका वाक्यात घालवलं होतं.

पुढचं वर्षभर मी स्वतःशी भांडलो. दर सामन्याआधी अंगात जर्सी चढवायची, तिच्या पाठीवर बाबांनी बनवलेलं नाव. त्या नावानं मला काही वाईट दिलं नाही. पण ते नाव टिकवायला माझी आई स्वतःच्या घरात जपून बोलत होती.

२००७च्या उन्हाळ्यात घरी गेलो. आधी आईला सांगितलं, मी तुझं माहेरचं आडनाव लावणार. ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या खऱ्या बोलीत म्हणाली, "माहा बाप गिरणीत त्याच नावानं गेला. मरेस्तोवर त्याच नावानं हजेरी लागली त्याची." थोड्या वेळानं म्हणाली, "पण बाबांना सोसवणार नाही रे पोरा."

कोर्टाच्या अर्जात कारण लिहायला एक ओळ होती. मी लिहिलं, हे माझ्या आईचं नाव आहे. खिडकीतल्या बाईनं वर न बघता शिक्का मारला आणि सांगितलं, गावच्या पेपरात नोटीस द्यावी लागेल. बाबा तो पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मीच सांगितलं. "बाबा, पुढच्या आठवड्यात पेपरात माझं नाव येईल. मी आडनाव बदलतोय."

"काय लावणार?"

"गजभिये."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझे मित्र आहेत इथे. पंचवीस वर्षांचे. ते वाचतील."

"त्यातल्या एकानं तरी आईला फोन केला का, चार वर्षांत?"

ते  टेबलावर न पडलेला चहा हातानं पुसत राहिले. आई ओट्याशी पाठ करून उभी होती.

"मी मेल्यावर लाव," बाबा म्हणाले. "किती राहिलेत माझे दिवस? तेवढं थांब. मग तुला काय लावायचं ते लाव."

पहाटेच्या त्या बाकावर थंडीनं कुडकुडत बसलेला माणूस हे मागत होता. त्यानं आजवर माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं.  हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "तुम्ही असतानाच लावणार."

तो माझा शेवटचा मोसम ठरला. २००८च्या फेब्रुवारीत गुडघा गेला. तोपर्यंतच्या सगळ्या सामन्यांत गजभिये हे आडनाव पाठीवर घेऊन मी वर्तुळात वाकलो. बाबा एकाही सामन्याला आले नाहीत. आईला ड्राइव्ह करता येत नाही, त्यामुळे तीही आली नाही.

दर रविवारी मी फोन करतो. आई उचलते. मागे टीव्हीचा आवाज वाढतो. बाबा तिथेच बसलेले असतात. मला त्यांची आठवण येते, दोन मैलांवर राहून येते. ते माफ करतील असं मला वाटत नाही, आणि मी माफी मागणार नाही. मला मूल झालं की त्याला आडनाव शिकवीन. ते घरात कोणी लपवलं, का लपवलं, आणि कोणामुळे लपवावं लागलं, हेही शिकवीन. बाबा समोर बसलेले असतील, तर त्यांच्यासमोर शिकवीन.