वायनरीतलं लाल बटण

वाइनचा एक थेंबही न घेता नाशिकच्या एका वायनरीत मला दारुडा ठरवण्यात आलं.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. (म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो.) गेल्या वर्षी महाबळेश्वरला मी पूर्ण वेळ फोनवर एका नापास बॅचची चौकशी करत होतो. त्या सहलीच्या फोटोंत सूर्यास्त आहे, माझी बायको मंजिरी आहे आणि माझी पाठ आहे. त्यामुळे या वेळी पिंपरीहून निघण्याआधीच तिने अट घातली.

"तीन दिवस कंपनीचं नाव काढायचं नाही. आणि कुठेही, कशातही चूक दाखवायची नाही! नाहीतर यापुढे मी मैत्रिणींबरोबर फिरेन. तुम्ही बसा ओव्हरटाइम करत."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मला खरंच भीती वाटली.

चाकणला ट्रॅफिक तुंबलं होतं आणि नेमके आमच्या कंपनीच्या गेटसमोर आम्ही पाऊण तास उभे! मी मान उलट्या बाजूला वळवून एका पंक्चरच्या दुकानाचं कौतुक करत राहिलो. मंजिरी खूश होती. हॉटेलातल्या गळक्या नळाबद्दलही मी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायनरीत गेलो. आधी कारखाना बघायचा, मग वाइन चाखायची. आम्ही वीसेक जण गाइड मुलीच्या मागून टाक्या बघत बघत बाटल्या भरायच्या लाइनपाशी पोहोचलो. बाटल्या एकामागून एक येत होत्या, त्यांच्यावर लेबलं चिकटत होती. एक लेबल वाकडं आलं. मी डोळे मिटले. उघडले, तर पुढचंही वाकडं!

आमच्याकडे नियम आहे, लाइनवर चूक दिसली की ज्याला दिसेल त्याने लाइन थांबवायची. परवानगी मागायची नाही. बारा वर्षांत ही सवय हाताला इतकी लागली आहे, की मला कळायच्या आत माझा हात पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे गेला आणि त्याने लाल बटण दाबलं.

लाइन थांबली. पिवळा दिवा फिरायला लागला. सुपरवायझर धावत आला.

"कोणी दाबलं हे?"

"मी." (लपवायचं नाही, हाही आमच्याकडचा नियमच.)

"का पण?"

चूक दाखवायची नव्हती, कंपनीचं नाव काढायचं नव्हतं. मी मंजिरीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"लाल रंग आवडला," मी म्हणालो.

गाइड मुलीने हळूच विचारलं, "सर, तुमचं टेस्टिंग आधीच झालंय का?"

"अवो भाऊ, सकाळी अकराला?" भोसरीहून आलेले एक काका ओरडले. "आमाला पन सांगा की कुठं मिळती!"

"अहो, मी घेतलेली नाही!"

"समदे असंच म्हनत्यात."

"कामाला कुठे असता?" सुपरवायझरचा आवाज चढला.

"सांगता येणार नाही."

एवढं ऐकल्यावर त्याला आणखी पुरावा नको होता. मंजिरीला आत पाच प्रकारच्या वाइन मिळाल्या. मला बाहेरचा बाक आणि लिंबू सरबत! काका जाता जाता थांबून म्हणाले, "भाऊ, दही खावा. उतरती."

सोमवारी परतताना मंजिरी म्हणाली, "दारुडा म्हणवून घेतलंत, पण कंपनीचं नाव नाही काढलंत हो. पुढच्या सुट्टीत आपण दोघंच कोकणात जाऊ."

मला अगदी भरून आलं. एवढ्या अपमानाचं सार्थक झालं!

"पण लेबलं वाकडी होती खरी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुमच्या आधीच दिसली होती मला."

"मग तू का नाही काही बोललीस?"

"मी कशाला बोलू? मी सुट्टीवर आले होते."