फिन्टन गार्डची गरम पाण्याची टाकी

फिन्टन गॅलॉगली माझ्यावर जळायचा, हे आयर्लंडातल्या सगळ्या डोनेगॉलला ठाऊक होतं. कारणही तसंच होतं. आमच्या छोट्या लायनीवर तो वाफेच्या गाडीचा गार्ड, आणि रेल्वेनं नवी डिझेलची मोटर रुळांवर आणली ती चालवायला दिली मला, म्हणजे या ह्यूईला.

मोटर कसली, रुळांवर धावणारी बसच. शेताच्या फाटकाशी उभं राहून हात वर केला की थांबायची. बायका मला अंडी द्यायच्या, गावातून लोकर, औषध आणायला सांगायच्या. पूर्वी ही कामं फिन्टनची. आता त्याचे लाकडी डबे फक्त बाजाराच्या दिवशी निघायचे. बाकी दिवस तो त्यांच्या पितळी मुठी घासत बसायचा.

"बिस्किटाचा डबा चालवतोस लेका," तो म्हणायचा.

"पण माणसं बसतात त्यात, गार्डसाहेब!"

मोटर चालवायची जागा एकाच तोंडाला. शेवटच्या स्टेशनात ती फिरत्या चकतीवर चढवून हातानं ढकलत वळवावी लागे. उतारूसुद्धा खांदा लावायचे. फिन्टन मात्र खिशात हात घालून उभा राहायचा.

खरं दुखणं होतं ऊना मॅकनेलिस. तिसऱ्या फाटकापाशी राहायची, शिवणकाम करायची. जुन्या डब्यांत ऊब नसायची, म्हणून पायांखाली गरम पाण्याची पत्र्याची छोटी चपटी टाकी ठेवत. सगळ्यात गरम टाकी ऊनाच्या डब्यात जायची, अकरा वर्षं! एवढ्या वर्षांत लग्नाचं विचारायला मात्र त्याची जीभ रेटली नाही. मोटरमध्ये इंजिनाचीच ऊब. ऊना माझ्या मागच्या बाकावर बसायला लागली आणि फिन्टनची झोप उडाली.

"काल तिच्या फाटकाशी किती वेळ थांबला होतास?" त्यानं एकदा विचारलं.

"ती लोकरीचा रंग सांगत होती."

"रंग सांगायला चार मिनिटं?"

घड्याळ लावून बसला होता गडी! मला गंमत वाटली. आणि खरं सांगतो, ऊना आपल्यावर खूश आहे असंही वाटायला लागलं.

मग ऑक्टोबरातला जनावरांचा बाजार आला. वाफेचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं. स्टेशनमास्तरांनी फर्मावलं, जुना डबा मोटरच्या मागे जोडा, फिन्टन त्यात गार्ड म्हणून जाईल.

"या बिस्किटाच्या डब्यामागे फरफटत जाऊ मी?" तो ओरडला. पण निघताना बघतो तर काय, बगलेत वाफाळती टाकी!

मी मुद्दाम माझ्या मागच्या बाकावर टोपी ठेवून ऊनाची जागा राखली. तिसऱ्या फाटकाशी रोजच्या सवयीनं मोटरचं दार बरोबर फाटकासमोर आणलं. मागचा डबा राहिला तीस पावलं मागे, चिखलातल्या काटेरी झुडपांत. फिन्टनचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना.

ऊनानं आत डोकावलं. टोपी पाहिली.

"ये की, जागा धरलीय," मी म्हटलं.

"अरे ह्यूई, तुझ्या मोटरीत बसलं की डिझेलच्या वासानं डोकं उठतं. आणि हिरवी लोकर सांगितली की तू निळी आणतोस." एवढं बोलून तिनं झगा उचलला आणि खडीवरून मागे चालू लागली. फिन्टननं तिला हात धरून वर ओढलं.

"अहो फिन्टन, टाकी अजून गरम आहे ना?" एवढं मला ऐकू आलं. पुढचं इंजिनाच्या आवाजात बुडालं.

मी बाजूच्या आरशात पाहत राहिलो. वळणावर मागची खिडकी दिसायची, खिडकीत दोन डोकी जवळजवळ. पुन्हा वळण, पुन्हा तीच डोकी! त्या नादात दोन फाटकं गेली, हात वर करून उभी माणसं तशीच राहिली. त्यातली एक म्हातारी मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आत दोघांचं लग्न झालं. पुढं रेल्वेनं जुने डबे काढले. लोकांनी कोंबड्यांच्या खुराड्यांसाठी नेले, फिन्टननं त्या बाजाराच्या दिवशीचा डबा आपल्या परसात आणून मांडला. दोघं त्यात बसून चहा पितात. मलाही बोलावतात, मी जातोही.

गारठा असला की फिन्टन टाकी भरून आणतो आणि ऊनाच्या पायांखाली सरकवतो. मी माझे पाय जरा पुढे केले की म्हणतो, "तू राहू दे रे ह्यूई. तुझे पाय इंजिनाजवळ शेकून झालेत."