आमचा बँड बसून वाजवतो

बाबा ओटावाजवळ कनाटाला आमच्याकडे राहायला आले त्याच आठवड्यात त्यांना बेसमेंटमध्ये माझा सॅक्सोफोन दिसला. ते ड्रायरमधले कपडे आणायला खाली गेले होते. वर आले ते रिकाम्या हातांनी. जेवताना त्यांनी विचारलं, "खाली ते पितळेचं कोणाचं आहे?"

मी म्हटलं, माझं.

माझ्या मुलीला वाटलं, आजोबांना कौतुक वाटेल. ती म्हणाली, "आई इज इन अ बँड, आजोबा. लाइक, अ रिअल बँड." बाबांनी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठले.

बँड हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नसे. माझे आजोबा नागपूरजवळच्या एका खेड्यात बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे वडील डफडं वाजवायचे. गावात कोणाचंही लग्न असो, वरातीपुढे आमच्या वस्तीतली माणसं चालायची. घाम पुसायलाही न थांबता वाजवत चालायची, आणि सगळ्या पंगती उठल्या की मांडवाबाहेर बसून उरलंसुरलं खायची. बाबा लहान होते तेव्हा गळ्यात ताशा अडकवून आजोबांबरोबर जायचे. मग वस्तीने दीक्षा घेतली आणि ठरवलं की आता कोणाच्या दारात वाजवायचं नाही. आजोबांनी क्लॅरिनेट विहिरीत टाकलं. गावाने शेतावरची कामं बंद केली, किराणा बंद केला, तरी वस्तीतलं कोणी पुन्हा वाजवायला गेलं नाही. बाबा शिकले, पोस्टात लागले. मी इंजिनीअर झाले, ओटावाला आले, सरकारी खात्यात कम्प्युटरचं काम करते. आमच्या घरात रेडिओ होता, टेप होता. वाद्य मात्र एकही नव्हतं. मी शाळेत असताना बाजाची पेटी शिकायची म्हटलं तर आईने डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

सॅक्सोफोन माझ्याकडे आला तो मुलीमुळे. इथे शाळेत बँडचा तास असतो. तिने भाड्याने घेतलेला सॅक्सोफोन डब्यातून वर्षभर ओढत नेला आणला आणि मग व्हॉलीबॉल धरलं. परत करायच्या आधी मी एकदा फुंकून पाहिला. म्हशीसारखा आवाज निघाला. मी तो परत न करता विकत घेतला. कम्युनिटी सेंटरमध्ये मोठ्यांचा वर्ग होता, तिथे जायला लागले. तिथे जी बाई शिकवायची तिचाच हा बँड.

ती निवृत्त नर्स आहे, सत्तरी ओलांडलेली, ट्रम्पेट वाजवते. तिची आजी हॅम्बुर्गमध्ये बायकांचा डान्स बँड चालवायची, पहिलं महायुद्ध संपल्यावर आणि दुसरं सुरू होण्याआधी. तेव्हा जर्मनीत हॉटेलांत, कॅफेंत, बोटींवर असे बँड होते. त्यांची फॉक्सट्रॉट, टँगो, संथ वॉल्ट्झ अशी नाचाची गाणीच आम्ही वाजवतो. दहा-बारा जण आहोत. बँजो आहे, व्हायोलिन आहे, टँगोसाठी एक अकॉर्डियनवाला येतो. गाणारा बहुतेक वेळ खुर्चीत बसून असतो. मध्येच उठतो, गाण्याचं ध्रुपद एकदाच म्हणतो आणि पुन्हा बसतो. शब्द बहुतेक वेडगळ असतात. कोणाची टोपी उडते, कोणाची मावशी मोटार शिकते. पण त्या वेडगळ शब्दांच्या खाली तीन सॅक्सोफोन एकत्र श्वास घेतात, आणि त्या तिघांत मी मधली आहे. ऑफिसात दिवसभर ज्या छातीत काही बोलायचं राहून गेलेलं असतं ती तिथे मोकळी होते. मला त्याहून मोठं कारण कधी लागलं नाही.

बाबांना मात्र कारण हवं होतं. काही दिवसांनी, मी बर्फ शोव्हल करून आत आले तेव्हा ते किचनमध्ये वाट बघत बसले होते.

"तू हे कायले वाजवते?" ते म्हणाले. "आम्ही उपाशी राहून सोडलं ना ते."

मी बूट काढत होते. मी म्हटलं, "तुम्ही ज्यांच्या दारात वाजवणं सोडलं त्यांच्यासाठी मी वाजवत नाही, बाबा."

"वाजवणारा वाजवणाराच असतो," ते म्हणाले आणि खोलीत गेले.

मी प्रॅक्टिस थांबवली नाही. दार लावून घेत होते ते सोडून दिलं. तो सगळा हिवाळा मी खाली वाजवायची आणि बाबा वर टीव्हीचा आवाज वाढवायचे. नवरा म्हणाला, म्हातारा माणूस आहे, थोडे दिवस बंद ठेव. मी म्हटलं, एकदा त्यांच्यासाठी बंद ठेवलं तर उद्या दुसऱ्या कोणासाठी बंद ठेवावं लागेल.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी आमचा डान्स होता, म्हणजे आम्ही वाजवतो आणि लोक नाचतात. त्याला मराठी मंडळातले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांनी मला स्टेजवर पाहिलं, हात केला. पुढच्याच शनिवारी ते दोघं मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे आले. मंडळात त्यांचं वजन आहे. मोठं घर, दोन्ही मुलं मार्गी लागलेली. मी चहा केला. बाबाही हॉलमध्ये येऊन बसले.

गृहस्थांनी आधी बँडची तारीफ केली. मग म्हणाले, थोरल्याचं लग्न जूनमध्ये आहे, बँक्वेट हॉल ठरलाय. डीजे सगळेच आणतात. त्यांना काही तरी वेगळं करायचं होतं. वरात पार्किंग लॉटच्या फाटकापासून हॉलच्या दारापर्यंत येईल, नवरदेव उघड्या गाडीत, आणि पुढे आमचा जर्मन बँड. सगळ्यांना फेटे. बायको म्हणाली, व्हिडिओ किती छान येईल.

मी सांगितलं की आम्ही वराती करत नाही. आमचा बँड बसून वाजवतो. समोर नोटेशनचे स्टँड लागतात.

"अहो, थोडंसं तर चालायचं," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, निळ्या कोटातल्या आणि चष्म्यातल्या. आमच्या घरात तो नेहमीच असतो. ते बाबांकडे वळले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्हीच समजवा काका. तुमच्याकडे तर ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे."

बाबांनी कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आलंय, ते तुम्हाला कसं माहीत? मी तर कधी सांगितलं नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाले, "अहो, मी कॉम्प्लिमेंट दिली. इथे कॅनडात जात-बित कोण बघतं?"

"आत्ता तुम्ही बघितलीत," मी म्हटलं. "माझ्या घरात बसून. माझ्या वडिलांसमोर."

बायकोने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. ते म्हणाले की असा गैरसमज होईल वाटलं नव्हतं. मी म्हटलं, गैरसमज कोणाचाच झालेला नाही, आणि बँड मिळणार नाही. मी मिठाईचा डबा त्यांच्या हातात परत दिला. उर्मट दिसलं असेल. दिसू दे. ते गेल्यावर बाबा बराच वेळ खिडकीतून बाहेर, त्यांची गाडी ड्राइव्हवेतून मागे जाताना बघत राहिले.

नंतर मंडळात काय बोललं गेलं ते मला एका मैत्रिणीने फोन करून सांगितलं. मी टची आहे, साध्या बोलण्याला भलता रंग देते, बाकीचे असे नसतात. मैत्रिणीचं म्हणणं होतं की सॉरी म्हणून टाक, विषय संपेल. मी विचारलं, नेमकं कशाबद्दल? मी सॉरी म्हटलं नाही. पाडव्याच्या कार्यक्रमाचा निरोप आम्हाला आला नाही. मी वेबसाइटवरून तिकिटं काढली, चांगली साडी नेसले आणि नवऱ्याला घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. ते गृहस्थ पहिल्या रांगेत होते. मध्यंतरात मी त्यांच्या शेजारी उभी राहून श्रीखंड खाल्लं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाबा सकाळीच सूट घालून खाली आले. निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला तो सूट त्यांना आता खांद्यांवर सैल होतो. म्हणाले, "तुमचा डान्स असते तिथं मले घेऊन चाल."

हॉलमध्ये मी त्यांना पुढच्या टेबलावर बसवलं आणि स्टेजवर गेले. बँडच्या बाईने स्वतः त्यांना कॉफी आणि केकचा तुकडा आणून दिला. नाच सुरू झाला. आम्ही बसलेलो, आमच्यासमोर गोरी म्हातारी जोडपी, एक चिनी डॉक्टर आणि त्याची बायको, कॉलेजातली दोन-तीन पोरं, सगळी उभी, घामाघूम. मला वाजवताना बाबांकडे पाहता येत नव्हतं. व्हायोलिनचा तुकडा चालू असताना पाहिलं तेव्हा ते पायाने ताल देत नव्हते. नुसते बघत होते. कोण कुठे बसलंय, कोणाला कोण काय आणून देतंय.

मध्यंतरात बाई त्यांच्या टेबलावर बसली. बाबांचं इंग्रजी पोस्टातलं, पक्कं. त्यांनी विचारलं की तिच्या आजीच्या बँडचं पुढे काय झालं. तिने सांगितलं. नवीन सरकार आलं तेव्हा सॅक्सोफोन हे हलक्या, बाहेरच्या लोकांचं वाद्य आहे असं पेपरांत छापून यायला लागलं. कुठली गाणी वाजवायची नाहीत, कारण ती लिहिणारा ज्यू आहे, तेही कानावर येऊ लागलं. आजीच्या बँडमधली पियानोवाली ज्यू होती. हॉटेलच्या मालकाने सांगितलं की तिला काढा, मग बाकीच्यांनी वाजवायला हरकत नाही. आजीने त्या संध्याकाळी बँडच बंद केला. पुढची कितीतरी वर्षं ती लॉन्ड्रीत काम करत होती. पियानोवालीचं काय झालं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाबा म्हणाले, "शी स्टॉप्ड."

बाई म्हणाली, हो. आजीने कॅनडात आल्यावर मात्र पुन्हा सुरू केलं. तेव्हा ती चाळिशीत होती.

बाबांनी मान हलवली. "माय फादर ऑल्सो स्टॉप्ड," ते म्हणाले. "ही हॅड ए गुड क्लॅरिनेट. ही डिड नॉट गेट टु स्टार्ट अगेन."

माझ्या वडिलांनी आजोबांचं क्लॅरिनेट चांगलं होतं असं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला काय वाटलं ते तिथे दाखवायची सोय नव्हती; दुसरा भाग सुरू होत होता. त्या भागातल्या पहिल्या टँगोत माझे दोन सूर चुकले.

गाडीत बाबा एवढंच बोलले की तुमचा ड्रमवाला मागे राहतो, त्याला सांग. खरं होतं ते. आम्ही सगळे त्याला तेच सांगत असतो.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम. त्याची बैठक आमच्याच घरी झाली. आमच्या इथल्या बौद्ध संघटनेतले लोक, बहुतेक नोकरदार, मुलाबाळांसकट. भाषणं ठरली, जेवण ठरलं. करमणुकीचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, हिचा बँड बोलवा.

मला त्यांनी विचारलं नव्हतं. संघटनेतले एक ज्येष्ठ, बाबांच्याच वयाचे, म्हणाले की ज्या कामातून आपण बाहेर पडलो तेच जयंतीला मांडायचं का? आपल्या पोरांनी काय बघायचं? त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. तेही त्याच रस्त्यावरून चालले होते.

बाबा उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"ते लोक आपल्याकडून वाजवून घेत होते," ते म्हणाले. "ही वाजवते. तुम्हाले हा फरक पटत नसेल तर बसा मागं. पण बँड येईल."

बँड आला. मी बाईला विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, काळा ड्रेस बाकीच्यांना घालू दे, तू तुझ्या मनाचं घाल. मी पांढरी साडी नेसले, निळ्या काठांची, आणि त्यावरून सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवला. वंदना झाली, भाषणं झाली, मग आम्ही स्टँड लावले. गाणाऱ्याने उठून जर्मनमध्ये ध्रुपद म्हटलं तेव्हा लहान मुलं हसली. तिसऱ्या गाण्याला ती खुर्च्यांमधून बाहेर आली. त्यांच्या मागे त्यांच्या आया आल्या. फॉक्सट्रॉटची पावलं कोणालाच येत नव्हती, त्यामुळे जो तो आपापल्या जिल्ह्याचं नाचत होता. दोन कुटुंबं जेवण न करताच निघून गेली. त्यांना दारापर्यंत जाताना मी पाहिलं आणि वाजवत राहिले.

ते ज्येष्ठ गेले नाहीत. हाताची घडी घालून शेवटपर्यंत बसले, एकदाही टाळी वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर स्टँड आवरत होते तेव्हा ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षीही येऊ आम्ही."

"ते दिसतंच आहे," ते म्हणाले, आणि जेवणाच्या रांगेत बाबांनी त्यांच्यासाठी धरून ठेवलेल्या जागेवर जाऊन उभे राहिले.