रशीदनं नेलेले चाळीस हजार

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात अकबरबीचं बांगड्यांचं दुकान म्हणजे एक ताडपत्री, दोन पेट्या आणि समोर बसायला बारदान. बाई येऊन टेकली की अकबरबी तिचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी हलकंच दाबायची आणि माप सांगायची. दोन-चार म्हणजे बारीक हात, दोन-सहा मधला, दोन-आठ रुंद. मनियाराच्या घरात जन्मलेली, मनियाराच्याच घरात दिलेली. पस्तीस वर्षांत तिचं माप क्वचितच चुकलं. "यंदा खुरपायला लई गेलीस गं, हात निबर झालाय," असंही ती वर सांगायची.

धाकटा भाऊ रशीद मात्र तिला कधी नीट उमगला नाही. तो वाटूरला राहायचा. आधी सायकलचं पंक्चर काढायचा, मग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागला, मग बर्फाच्या गोळ्यांची गाडी लावली. दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर तो आला आणि हैदराबादहून बांगड्यांचा माल आणतो म्हणून चाळीस हजार घेऊन गेला. "ईद झाली की तुझे तुला, आपा," म्हणाला. त्या ईदनंतर आणखी दोन ईदा झाल्या. दोन्ही वेळा रशीद आला, शीरखुर्मा प्याला, आणि मालाचं विचारलं की बोअरच्या पाण्यावर बोलायला लागला.

इतके दिवस घरातल्यांनी कुरकुर करत निभावलं. पण यंदा नात महजबीनचा जालन्याला फार्मसीला नंबर लागला. शनिवारपर्यंत तीस हजारांचा पहिला हप्ता भरायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्या बापानं, म्हणजे अकबरबीच्या मुलानं, जीशाननं, मोटार रिवाइंडिंगच्या कामातून बारा जमवले. अठरा कमी पडत होते.

"मामूचे चाळीस असते तर मी दारोदार फिरलो असतो का?" जीशान जेवता जेवता म्हणाला. "पत्त्यात गेले ते."

"पत्त्यात न्हाई," गजाला, त्याची बायको, भाकरी वाढत म्हणाली. "अंबडला प्लॉट घेतलाय म्हणं."

"प्लॉटवाल्याची चप्पल तारेनं बांधलेली असती का?" अकबरबीनं विचारलं.

"घ्या तुम्ही त्यांचीच बाजू, अम्मी," गजाला म्हणाली. "पोरगी घरी बसल, मंग बोलवा मामूला तिच्या लग्नात क्लॅरिनेट वाजवायला."

महजबीन आतल्या खोलीत प्रवेशाचे कागद पुन्हा पुन्हा लावत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

अकबरबीलाही राग होता. पण रागाहून मोठं कुतूहल तिला छळत होतं. चाळीस हजार रुपये माणसाच्या अंगावर दिसतात, घरावर दिसतात, निदान तोंडाला वास तरी येतो. रशीदकडे यातलं काहीच नव्हतं. मग ते गेले कुठं?

शुक्रवारी दोन गाड्या बदलून ती वाटूरला पोहोचली. रशीद जुम्याच्या नमाजला गेला होता. भावजयीनं चहा ठेवला आणि म्हणाली, "आपा, खुर्चीवर बसा ना. पलंगावर ऊन येतं."

खोलीला खिडकीच नव्हती. अकबरबी पलंगावर बसली आणि वाकून खाली पाहिलं. पुठ्ठ्याचे अकरा खोके होते.

पहिला उघडला. हिरव्या, मोरपंखी, राणी रंगाच्या काचेच्या बांगड्या, सांधा कुठं बोटाला लागत नव्हता. तिला क्षणभर बरं वाटलं. माल तर आणला होता. मग दोन वर्षं विकला का नाही? तिनं एक बांगडी हातात सारली. अंगठ्याच्या मुळाशी अडकली. दुसऱ्या खोक्यातली अडकली, तिसऱ्यातलीही. अकरा खोके, सगळे दोन-चार. कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायांच्या मुलखात या मापाचे हात शाळेतल्या पोरींचे.

रशीद दारात येऊन थबकला.

"सगळा एकच साइज कसा काय आणलास?"

"नमुना नेल्ता."

"कुठला?"

"तुझ्याच दुकानातला. दांडीला एक जोड कायम टांगलेला असायचा. म्हणलं, आपा हाच ठेवती म्हणजे हाच खपत असंल."

"अरे, जो खपत न्हाई तोच टांगलेला राहतो."

"आता कळलं."

"मंग सांगायचं न्हाई? घरी तुला पत्तेवाला म्हणून राह्यले, प्लॉटवाला म्हणून राह्यले."

"म्हणू दे. उधारी बुडवणारे बाजारात शंभर हायेत. मनियाराच्या पोराला हाताचं माप कळत न्हाई, असं एकदा झालं तर मी तोंड कुठं दाखवू?"

अकबरबीनं उघडलेल्या खोक्याचं झाकण लावलं. दोन वर्षं या माणसानं लबाड म्हणवून घेतलं, अडाणी म्हणवून घ्यायला नको म्हणून. याला काय म्हणावं हे तिला ठरवता येईना. पण शनिवार उद्यावर आला होता.

सकाळी खोके एसटीच्या टपावर चढवून दोघं जालन्याला राधेश्यामच्या दुकानात उतरले. अकबरबी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच ठोक माल न्यायची. शहरात बारीक मापाला गिऱ्हाईक होतं. त्यानं दोन झाकणं उघडून पाहिली.

"माल बराबर हाय, चाची. पण अकरा खोके एकाच मापाचे? तुम्ही असं कधी घेत न्हाई. कुठून आला हे कळल्याशिवाय मी हात लावणार न्हाई."

एखादं दुकान बंद पडलं, तिथून उचलला, असं सांगता आलं असतं. अकबरबीच्या ओठावरही ते आलं. तिनं ते गिळलं आणि रशीदकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं आणि एक हमाल कान देऊन उभे होते.

"कॉलेजचं ऑफिस एकला बंद होतं, रशीद," ती एवढंच म्हणाली.

रशीदनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"माल माझा हाय, शेठ. मी मनियाराचा. माप चुकलं माझं."

मग त्यानं सगळंच सांगितलं, टांगलेल्या जोडासकट. हमाल तोंड फिरवून हसला. राधेश्यामही हसला, पण हसता हसता त्यानं पेन्सिल काढली. "साडेअठरा देतो. हैदराबादचं बिल तेवढं दाखवा."

बिल रशीदच्या खिशात होतं, चार घड्या करून ठेवलेलं.

दुकानाबाहेर येतात तोच जीशानचा फोन आला. तो महजबीनला घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा होता.

"मिळाले, अम्मी?"

"अठरा मिळाले. वर पाचशे."

"इतके दिवस कुठं होते?"

"तेच सांगाया येऊन राह्यलाय तुझा मामू. बाकीच्या पैशाचं भांडण फी भरल्यावर करा," अकबरबी म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून रशीदला रिक्षा थांबवायला लावली.