घेटुळीची मागं ठेवलेली मुळी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या, नळ मात्र कोरडे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जगदेवीचं संशोधन घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, मुळीवर होतं. तिच्यातलं नेमकं कोणतं द्रव्य सूज उतरवतं, एवढंच शोधायचं होतं. अर्काचे काचपट्टीवर तीन डाग उमटले होते. मधल्या फिकट डागातल्या द्रव्यानं उंदरांच्या पायांची सूज ओसरली होती. पण ते ओळखता येईल इतकं हाती लागत नव्हतं. अवर्षणात बांधावरची घेटुळी संपली. जगदेवीच्या आईनं, दानम्मानं, खणण्याच्या आदल्या सांजेला झाडाला अक्षता वाहून निलंग्याहून खणून आणलेली मूठभर मुळीच काय ती उरली होती.

त्या दिवशी तीच चंबूत स्पिरिटात उकळत होती. वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं. म्हणून रांजणातून रबरी नळीनं पाणी सोडायचं, बादलीत धरायचं, पुन्हा रांजणात ओतायचं. जगदेवीचे खांदे भरून आले होते.

"मॅडम, टँकर आला!" शिपाई ज्ञानोबा दारातून ओरडला. "तुमच्या अव्वा रांगंत उभ्या हायत. बाया म्हणून राहिल्या, लांब नळी आणा."

दानम्माचे गुडघे सुजलेले. जगदेवीनं नळी उपटली आणि धावली. विजेची शेगडी बंद करायची राहून गेली.

परतली तेव्हा चंबूच्या तळाशी काळी खपली होती.

"पाणी तर घावलं न्हवं?" ज्ञानोबा म्हणाला.

"हाव."

घरी दानम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि देवळीतून चिंधीची पुरचुंडी काढली.

"अव्वा, सगळी दिली नव्हतीस?"

"लेपापुरती ठेवली. तुझ्या काचंवर भरवसा न्हाई, जगे. मी उगाळून लावते, सूज उतरती. तू तीन वर्षं उंदरांचेच पाय चेपून राहिलीस." मग ती हळू म्हणाली, "ने. माझे गुडघे कुठं पळून चाललेत?"

नको म्हणायला हवं होतं. जगदेवीनं मुळी तळहातावर तोलली. पुरेल, असं वाटलं. तिनं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकरचा भोंगा वाजला. ज्ञानोबानं रांजणाला पुन्हा जोडलेल्या नळीकडे एकदा पाहिलं आणि आपली घागर उचलली. जगदेवी शेगडीपासून उठली नाही. रांगेत कोण उभं असेल, हे तिला ठाऊक होतं.