खोळीखालचा माणूस

सुभेदार रेवणप्पांनी बावीस वर्षं सैन्यात भूसुरुंग शोधले. पोटावर पडायचं, सळई तिरकी खुपसायची आणि बोटांना काय लागतंय ते ओळखायचं. त्या कामात घाई केलेला माणूस पुन्हा घाई करायला उरत नाही. निवृत्त होऊन ते माकणीजवळच्या आपल्या गावी आले आणि या बहाद्दरानं तीच बोटं गावच्या मातीत घातली.

शोधायचं काय, तर वीरगळ. गावासाठी लढताना पडलेल्या माणसाचा उभा दगड. खालच्या चौकटीत त्याची झुंज, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्याला महादेवापुढं बसलेला तो. लोकांनी या वीरांचं काय केलं होतं ते ऐकून कपाळावर हात मारावा. एक गोठ्याची पायरी झालेला, एकावर धुणं आपटायचे, एक पालथा घालून त्यावर मिरची वाटली जायची. सुभेदार हात जोडून दगड मागून आणत, धूत, पाराशेजारी उभा करत. गावानं आधी त्यांना खुळ्यात काढलं, मग आपणहून निरोप धाडायला लागलं. असे एकतीस झाले. सगळ्यांचे चेहरे मात्र झिजून सपाट.

बत्तिसावा लिंबाखालचा म्हसोबा. अंगावर बोटभर शेंदूर, पण घडणीवरून सुभेदारांनी ओळखलं होतं. त्याची पूजा धुरपदाबाईकडं, आता ऐंशीला टेकलेली. तिनं स्पष्ट सांगितलं, "देवाला खरवडायचं न्हाय. त्यो आपणहून खोळ टाकंल तवा बघा."

शेंदराची खोळ, म्हणजे थरावर थर साचून झालेलं कवच, दोन-तीन पिढ्यांतून एकदा आपोआप सुटते. ती त्याच दिवशी तेरणा नदीत सोडायची आणि दिवस मावळायच्या आत देवाला नवा शेंदूर चढवायचा. म्हणजे बघायला मिळणार एकच दिवस. सुभेदार चौदा वर्षं थांबले. दर शनिवारी विचारायचे, "काकू, आज?" आणि ती म्हणायची, "न्हाय, सुभेदार."

दरम्यान काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. उरला नुसता उजेड-अंधार.

यंदा चैत्रात धुरपदाबाई स्वतः दारात आली. "टाकली. चला बिगी बिगी."

दगडापुढं बसल्यावर सुभेदारांना रडू आलं. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली तो हाताच्या अंतरावर होता आणि दिसत नव्हता. मग त्यांनी डोळे पुसले आणि बोटं टेकवली.

"खाली गुरं आहेत, काकू."

"व्हय. गाईच हायत."

"त्या सोडवायला आलेला हा. तलवार उचललेली. समोर चौघं." बोटं सरकत छातीपाशी थांबली. "इथं भाला रुतलाय."

मग चेहरा. पापण्या शाबूत होत्या. कानातली बाळी होती, ओठांची कडसुद्धा. मिसरूड नव्हतं. कितीतरी शतकांपूर्वी मेलेलं ते पोर काल घडवल्यासारखं त्यांच्या बोटांखाली होतं. ज्या शेंदराला त्यांनी चौदा वर्षं शिव्या घातल्या, त्यानंच ऊन-पाऊस अंगावर घेऊन त्याला जपलं होतं.

"पोरगाच आहे हा, काकू. विशीचासुद्धा नसंल."

"साठ वर्सं म्या ह्याला भीत आले," धुरपदाबाई म्हणाली. "कोपंल म्हून निवद दावला. आन् हे तर गावासाठी गेलेलं लेकरू."

ऊन उतरलं होतं. तिनं तेलात शेंदूर कालवला आणि हात आवरला. "लावू, का ठिवू उघडा? तुमी म्हणाल तसं."

"लावा," सुभेदार म्हणाले. "पण मला हात काढायला सांगू नका."

तिनं माथ्यापासून सुरुवात केली. त्यांच्या बोटांशेजारून तिचा हात खाली येत होता, सवयीनं, दाबून. छातीपाशी, भाला रुतला होता तिथं, तो हात एकदम हलका झाला.