पलीकडच्या काठावर कोण उभं आहे?

गेणूनाना कुणाला "काय पाहिजे?" असं कधी विचारत नसत. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर त्यांची होडी होती. काठावरच्या जांभळीखाली बसून, कपाळावर आडवा हात धरून ते पलीकडे बघायचे. तिकडचं माणूस आपल्याला जेमतेम काडीएवढं दिसावं, आणि नाना सांगून मोकळे : "ही बाजारला निघालीय." "ह्यो पावना हाय, वाट चुकलाय." "ह्या दोघींचं भांडान झालंय, एका फेरीत न्हाई बसायच्या." मी आधी म्हणायचे, म्हातारा थापा मारतोय. होडी पोचली की खरंच दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या असायच्या.

मी मूळची पिंपळवंडीची, आरोग्य सेविका. अलीकडच्या काठावरच्या उपकेंद्रात माझी बदली झाली आणि पलीकडच्या वाड्या माझ्या वाट्याला आल्या. पहिल्याच दिवशी लसींची पेटी घेऊन होडीत बसले, तर नाना वल्हं हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिले.

"शिस्टर, पवता येत न्हाई ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चपला काढून पिशवीत टाकल्या, पदर खोचला, पेटी पोटाशी धरली. बुडायची सगळी तयारी करूनच बसलाय की तुमी!"

मला असा राग आला म्हणता! सगळी फेरीभर मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले. उतरताना त्यांनी पेटी हातात दिली आणि म्हणाले, "राग बी लई येतो." मग मात्र मला हसू आवरेना.

नानांचं घराणं मेंढरं राखणारं. धरणात जमीन गेली, मेंढरं विकली, आणि पाण्याच्या काठी राहायचंच तर होडी तरी असावी म्हणून त्यांनी ती घेतली. माणसं ओळखायची विद्या मात्र मेंढरांकडूनच आलेली. "मेंढरू काय सांगतंय व्हय, माजं दुखतंय म्हनून? कान पाडतंय, कळपाच्या मागं ऱ्हातंय. बा म्हनायचा, वरडतंय ते धडधाकट हाय. गप झालंय ते बघ."

एकदा आम्ही जांभळीखाली चहा पीत होतो. पलीकडे चार बायका पदर उडवून उडवून बोलवत होत्या. नाना निवांत फुंकर मारत बसलेले. मी म्हटलं, "अहो, केवढ्या हाका मारतायत!" तेवढ्यात त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. बायकांपासून लांब, करवंदीच्या जाळीपाशी एक माणूस नुसता उभा होता. हात खाली सोडलेले. ना टॉवेल हलवत होता, ना हाक मारत होता. नाना म्हणाले, "पेटी घ्या, शिस्टर. पळा." मी म्हटलं, "अहो, पण तो तर काहीच..." तर माझ्यावर खेकसले, "म्हनून तर!" आणि वल्हं मारता मारता म्हणाले, "हात हलवनाऱ्याच्या अंगात अजून दम हाय. जो हलवत न्हाई, त्याच्याकडं आदी जायचं."

त्या माणसाची बायको घरातच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. आम्ही तिला होडीत घालून आणलं, पुढे गाडीनं दवाखान्यात नेलं. वाचली. चार बायकांना बांगड्या भरायला जायचं होतं, त्या मला महिनाभर टोमणे मारत होत्या.

पुढे मी उपकेंद्रातही तेच करायला लागले. बाईला "कसं वाटतंय?" विचारलं की ती "बरं हाय" म्हणणारच, सासू शेजारी असली तर दोनदा म्हणणार. मी तिच्या हातांकडे बघायचे. पदराचं टोक किती पिळलंय ते बघायचे आणि सासूला काहीतरी निमित्तानं बाहेर धाडायचे. नोकरीत मला प्रशिक्षणं पुष्कळ मिळाली, पण कामाला आलं ते हे.

एवढ्या माणसांच्या मनातलं ओळखणाऱ्या नानांना घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत. त्यानं मोबाइल घेऊन दिला होता. नानांना तो अजिबात आवडायचा नाही. "नुसत्या आवाजाला तोंड न्हाई, शिस्टर. कुनाशी बोलायचं?" मग मुलानं व्हिडिओ कॉल लावून द्यायची सोय केली. त्याबद्दल विचारलं तर वल्हं मारता मारता म्हणाले, "पोरगं बोलत व्हतं माज्याशी, पर बगत दुसरीकडंच व्हतं." माझीही मुलं तशीच, आणि खरं सांगायचं तर मीही तशीच.

मग डोंगराच्या कडेनं वाड्यांपर्यंत रस्ता झाला, जीप सुरू झाली. होडी कोण विचारतंय! मीही जीपनंच जायला लागले. वेळ वाचत होता, जीव मुठीत धरावा लागत नव्हता. रस्त्याच्या एका वळणावरून खाली नानांचा काठ दिसायचा. मी खिडकीतून हात हलवायचे, ते टॉवेल वर करायचे. आमची सगळी ओळख तेवढ्यावर येऊन ठेपली. दर खेपेला मी मनाशी म्हणायचे, या रविवारी चहाला जायचंच. रविवारी घरची कामं निघायची. असे किती रविवार गेले, कुणास ठाऊक.

एका सोमवारी सकाळी मी हात हलवला तर टॉवेल वर झाला नाही. नाना होडीत टेकून बसले होते, तोंड रस्त्याकडेच. जीपवाला म्हणाला, "म्हातारा रुसलाय जनू, मॅडम."

"रुसणारच," मी म्हटलं. "रविवारी जाऊन काढते रुसवा."

दुपारी चारला परत येताना बघते तर स्वारी तशीच बसलेली. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, दोन्ही हात हलवले. काही नाही. मला रागच आला. इतकी वर्षं एका होडीत बसलो, आणि एवढा ताठा!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी टाकायला गेलेल्या माणसांना नाना होडीत सापडले. गेलेले होते. झटका आला असावा, डॉक्टर म्हणाले, एक अंग गेलं असावं, तोंडही वाकडं झालं होतं. किती वाजता, ते कुणी सांगू शकलं नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तरी जीव असावा, असं त्यांनी उगाच माझ्यासमोर म्हटलं. आता त्या काठाला कुणी जातच नव्हतं, कोण बघणार?

मुलगा चाकणहून आला. जांभळीखाली उभा राहून मला विचारत होता, "ताई, तुम्ही रोज जायचा ना तिकडून. काही बोलले का हो?" मी नाही म्हटलं. खरंच बोलले नव्हते.

उपकेंद्रात आजही रांगेत शेवटी गप्प बसलेल्या बाईला मी आधी आत घेते. पुढच्या बायका कटकट करतात, करू देत. नानांची आठवण म्हणून करते, असं मी लोकांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. नानांनी मला शिकवलं होतं ते एवढंच, आणि त्यांच्या वेळेला मी दोनदा हात हलवून निघून गेले.